वही कोणाची? : घरी रचलेल्या एका खेळाचा इतिहास

गेल्या मे महिन्यात बहिणीकडे राहायला गेलो होतो. भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी संध्याकाळी त्याच्या मित्रमैत्रिणी आल्या, जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली गेली आणि पाच जण रात्री एक वाजेपर्यंत तिथेच बसून राहिले. समोर पट नव्हता, पत्ते नव्हते. तऱ्हेतऱ्हेच्या आकाराचे फासे, पेन्सिली, कागद आणि एक दोनशे पानी वही एवढाच सरंजाम. एक जण सांगत होता, "दार अर्धवट उघडं आहे, आतून धुराचा वास येतोय. काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देत होते. मधूनच फासा पडायचा आणि कोणीतरी कपाळाला हात लावायचे.

दुसऱ्या दिवशी मी ती वही वाचायला मागून घेतली. हा खेळ त्यांनी विकत आणलेला नव्हता, दीड वर्षात स्वतः रचलेला होता. वहीत निरनिराळी हस्ताक्षरे होती, समासात तारखा होत्या, भरपूर खाडाखोड होती. पाण्यात बुडण्याविषयीच्या एका नियमावर काट मारून शेजारी शेरा होता : 'जमत नाही. कालचा माणूस दोनदा मेला.' त्याखाली बारीक अक्षरात नवा नियम. पहिल्या पानावर खेळाचे नाव, त्याखाली 'लेखक' हा शब्द, आणि त्यापुढे कोरी जागा.

ती जागा कोरी का, हे विचारल्यावर भाचा जरा घुटमळला. त्यांच्यातल्या एकाला खेळ छापून विकायचा होता. बहुतेक नियम त्यानेच नीट लिहून काढले होते, म्हणून नाव आपले असावे असे त्याचे म्हणणे. एका मुलीचे म्हणणे, लिहिले त्याने, पण सुचले सगळ्यांना. दोन महिने हा वाद चालू होता आणि शनिवारच्या बैठका त्यामुळे मोडण्याच्या बेतात आल्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, तू एवढ्या जुन्या पोथ्या बघतोस. सांग ना, ही वही कोणाची?"

माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून, जाणत्यांना विचारून जे शिकलो तेवढेच. पण एका पोथीत दोन हातांची अक्षरे दिसली की कोणाचे काय, हा प्रश्न मला नेहमीच अडवतो. म्हणून भाच्याला लगेच उत्तर न देता मी या खेळाच्या मूळ घराण्याचा शोध घेतला. तो शोध अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांपर्यंत गेला, आणि तिथे मला हीच वही, हाच वाद पन्नास वर्षांपूर्वीचा सापडला.

भातुकली आणि सोंगट्या

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्रजीत याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. भातुकलीत मूल आई होते, पाहुणा होते, दुकानदार होते, पण भात करपला की नाही हे ठरवणारा नियम तिथे नसतो. सोंगट्यांत नियम पक्के असतात, दान पडेल तसेच चालावे लागते, पण सोंगटीला स्वभाव नसतो. भूमिकाखेळात हे दोन्ही एकत्र येते. प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि ते काय करू पाहते हे बोलून सांगतो. एक जण सूत्रधार असतो. तो परिस्थिती सांगतो, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायला लावतो. हारजीत अशी नसते. आजची बैठक जिथे थांबली तिथून पुढची सुरू होते, आणि एकेक कथानक वर्षानुवर्षे चालते.

बाजारात असे शेकडो खेळ मिळतात. तरी जगभर हजारो गट स्वतःचे नियम करतात. त्याला 'होमब्रू' हा शब्द आहे. मूळ अर्थ घरी गाळलेली बिअर. विकतच्या खेळाची ही हौशी आवृत्ती असावी असे मला आधी वाटले होते. इतिहास उलटा निघाला. हा खेळ आधी घरीच गाळला जात होता, बाटलीत तो नंतर भरला गेला.

पंच कुठून आला?

या खेळाची एक दूरची पणजी आपल्याकडची आहे. चतुरंग भारतातून इराणात, अरबांकडे आणि तिथून युरोपात गेले. १७८०मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या हेल्विग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून १,६१७ घरांचा केला, घरांना रंग देऊन डोंगर, नद्या, दलदल दाखवली आणि त्यावर लढाई शिकवण्याचा खेळ बसवला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी ही कल्पना आणखी बदलली. मुलाने, म्हणजे लष्करातल्या तरुण लेफ्टनंटने, १८२४मध्ये नियम छापले. त्यात चौकटी गेल्या आणि १ : ८,००० प्रमाणाचे खरे नकाशे आले. सर्वांत मोठा बदल म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच आला. खेळाडू आपले हुकूम पंचाला देत, शत्रू कुठे आहे ते फक्त पंचाला ठाऊक असे, आणि किती माणसे पडली हे तो फासा टाकून आणि तक्ता पाहून ठरवी. प्रशियाच्या सैन्याने हा 'क्रीग्जश्पील', म्हणजे युद्धखेळ, प्रशिक्षणासाठी स्वीकारला.

तक्ते वाढत गेले तसा खेळ रेंगाळू लागला. १८७६मध्ये फेर्दी द्यू व्हेर्नोआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सुचवले की अनुभवी पंचाने तक्ते बाजूला ठेवून स्वतःच्या समजुतीने निकाल द्यावा. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि भाच्याच्या टेबलावर तो अजून मिटलेला नाही.

१८८०मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने 'स्ट्रॅटेगोस' हे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. ते विस्मरणात गेले. १९६०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाच्या हाती ते लागले. वेस्ली भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, शिशाच्या छोट्या शिपायांनी नेपोलियनच्या लढाया खेळणाऱ्या मंडळाचा सभासद. मिनीआपोलिस आणि सेंट पॉल ही मिनेसोटातली जोडशहरे, तिथले हे मंडळ. टॉटनच्या पुस्तकातली एक गोष्ट वेस्लींना फार आवडली. खेळाडूने काहीही करून पाहावे, ते नियमांत लिहिलेले नसले तरी चालेल, निकाल पंच देईल.

फसलेला प्रयोग

१९६९च्या सुमारास वेस्लींनी एक वेगळा डाव मांडला. दोन सैन्ये एकमेकांवर चालून येत आहेत आणि मधे ब्राउनस्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन गाव आहे. दोन खेळाडू सेनापती. बाकीच्यांना त्यांनी गावातली माणसे केले : नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठातली मंडळी. प्रत्येकाचा हेतू वेगळा. अपेक्षेपेक्षा जास्त खेळाडू आले. वेस्ली एकेकाला बाजूच्या खोलीत नेऊन गुप्तपणे त्याचे हुकूम घेत होते, आणि तोवर बाहेर थांबलेले लोक आपापसात कारस्थाने शिजवत होते. दोघांनी द्वंद्वयुद्ध ठरवले, ज्याची सोय कोणत्याच नियमात नव्हती. वेस्लींना जागच्या जागी नियम करावा लागला. सैन्ये गावापर्यंत पोचलीच नाहीत, डाव विस्कटला, आणि वेस्ली प्रयोग फसला असे समजून घरी गेले. खेळाडू मात्र पुन्हा कधी, असे विचारू लागले.

पुढच्या एका डावात मध्य अमेरिकेतला एक काल्पनिक देश होता. डेव्ह आर्नेसन हा इतिहासाचा विद्यार्थी त्यात क्रांतिकारक झाला होता. त्याने घरून अमेरिकन हेरखात्याचे खोटे ओळखपत्र तयार करून आणले आणि आपण मुळात हेर आहोत असे भासवून इतरांना गुंडाळले. नियमांत असे काही नव्हते, पण नियमांविरुद्धही काही नव्हते. वेस्लींनी चालू दिले.

१९७०मध्ये वेस्ली लष्करी सेवेसाठी शहर सोडून गेले. मंडळातले इतर लोक त्यांची पद्धत पुढे चालवू लागले आणि त्या प्रकारच्या डावालाच 'ब्राउनस्टाइन' म्हणू लागले. गावाचे नाव खेळाच्या जातीचे नाव झाले. वेस्लींनी यावर हक्क सांगितला नाही. ज्याच्या घरी डाव, तो पंच, अशी रीत होती.

तळघरातले राज्य

१९७१च्या वसंतात आर्नेसनने मंडळाच्या पत्रकात मध्ययुगीन ब्राउनस्टाइनचे निमंत्रण छापले. सेंट पॉलमध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात टेबल टेनिसच्या टेबलावर त्याने प्लास्टिकचा किल्ला मांडला होता. नेपोलियनच्या लढाया खेळून कंटाळा आला होता. एका शनिवार-रविवारी राक्षसांचे जुने सिनेमे पाहत आणि कॉननच्या कथा वाचत असताना ही कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. या राज्याचे नाव ब्लॅकमूर. खेळाडू किल्ल्याखालच्या भुयारात उतरत. आर्नेसनने भुयाराचा नकाशा स्वतःजवळ लपवलेला असे आणि पुढे काय दिसते ते तो बोलून सांगे.

लढाईसाठी त्यांनी 'चेनमेल' नावाच्या छापील नियमांचा आधार घेतला. ते त्याच वर्षी निघाले होते. लेखक गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन. गायगॅक्स राहायला विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावी. विमा कंपनीतली नोकरी गेली होती, घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होते आणि रात्री नियम लिहीत होते. चेनमेलच्या पुरवणीत जादूगार, ड्रॅगन आणि चार माणसांच्या बळाचा 'हिरो' होता, आठ माणसांच्या बळाचा 'सुपरहिरो' होता.

आता नियम कसे तयार झाले ते पाहू, कारण माझ्या लेखी सगळ्या गोष्टीचे मर्म तिथे आहे. चेनमेलमध्ये फासा विरुद्ध पडला की सोंगटी मेली. शिशाचा शिपाई मेला तर कोणी रडत नाही. पण तळघरातल्या खेळाडूंनी आपल्या पात्रांना नावे दिली होती, आठवडेच्या आठवडे त्यांना जपले होते. एका फटक्यात ती मरू लागल्यावर तक्रार झाली. आर्नेसनने याआधी अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांसाठी नियम केले होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, किती मारा सोसला हे मोजत जावे लागते. तीच रीत त्याने माणसांना लावली. आज मोबाइलवरच्या कुठल्याही लढाईच्या खेळात पात्राच्या डोक्यावर जी जीवनरेषा कमी होत जाते, तिचे मूळ या तक्रारीत आहे. ही कल्पना कोणाची? जहाजांचे नियम करणाऱ्या आर्नेसनची, की आपले पात्र मेले म्हणून भांडलेल्या खेळाडूची?

दुसरे उदाहरण. एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले आणि इतके बलवान होत गेले की बाकीच्यांना खेळणे अशक्य झाले. मग सिनेमांतल्या पिशाचांना क्रूस दाखवून पळवणाऱ्या पाद्र्याच्या धर्तीवर दुसऱ्या एका खेळाडूने धर्मगुरूचे पात्र घेतले. धर्मगुरू हा आज अशा खेळांतला एक कायमचा वर्ग आहे, आणि तो जन्मला एका दांडगोबाला आवर घालण्यासाठी.

तिसरे उदाहरण, सलग चालणाऱ्या डावाचे. मोहीम फत्ते करून आलेले पात्र पुढच्या वेळी थोडे अधिक कसलेले असावे, असे खेळाडूंना वाटे. साधा माणूस आणि चार माणसांच्या बळाचा हिरो यांच्या मधल्या पायऱ्या मग भराव्या लागल्या. पुढे छापील खेळात चौथ्या पायरीला 'हिरो' आणि आठवीला 'सुपरहिरो' हीच बिरुदे राहिली. जुन्या वाड्याच्या भिंतीत आधीच्या देवळाचा कोरीव दगड सापडावा, तशी ही खूण आहे.

अशा खेळाची रचना एकट्याने खोलीत बसून होत नाही, ती या रीतीने होते. टेबलावर अडचण येते, पंच तात्पुरता निकाल देतो, तसाच प्रसंग पुन्हा आला की मागच्या निकालाचा दाखला निघतो, आणि तिसऱ्यांदा कोणीतरी तो वहीत लिहून ठेवते. गावपंचायतीचे निवाडे असेच वहिवाट होत असत.

फाशांचेही तसेच. वेस्लींच्या मंडळात वीस बाजूंचे फासे आले होते. शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्यांकडे चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या घनाकृती मिळत. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा शंभरात पाच वेळा पडतो, १ आणि २० यांची शक्यता १० इतकीच. तीन साधे फासे एकत्र टाकले तर २१६ प्रकारे दान पडते, त्यातले १८ फक्त एकदा, तर १० किंवा ११ मिळून ५४ वेळा. पात्राची शक्ती, बुद्धी वगैरे ठरवायला मूळ खेळात तीन फासे आहेत, म्हणजे बहुतेक माणसे मध्यम निघतात आणि भीम क्वचित. कोणता फासा घ्यायचा हे ठरवताना आपण कसले जग मांडतो आहोत हेच ठरत असते. भाच्याच्या वहीतही याच मुद्द्यावर सलग चार पाने खाडाखोड आहे.

वीस पानांचे दीडशे

आर्नेसन आणि गायगॅक्स यांची ओळख १९६९पासूनची. जहाजांच्या लढाईच्या एका नियमावलीवर त्यांनी एकत्र काम केले होते. १९७२च्या हिवाळ्याच्या तोंडावर आर्नेसन आपला मित्र डेव्हिड मेगारी याच्यासह पाचशेहून अधिक किलोमीटर मोटार हाकत लेक जिनीव्हाला गेले आणि गायगॅक्सच्या घरी ब्लॅकमूरचा डाव मांडला. गायगॅक्स भारावून गेले. त्यांनी नियम मागितले. नियम होते कुठे? आर्नेसनच्या डोक्यात, खेळाडूंच्या आठवणीत आणि सुट्या कागदांवर. आर्नेसनने साधारण वीस पानांची टिपणे पाठवली. गायगॅक्सने टाइपरायटरवर पन्नासेक पानांचा खर्डा केला, आपल्या मुलांना आणि मित्रांना घेऊन ग्रेहॉक नावाच्या स्वतःच्या किल्ल्यात तो खेळून पाहिला, प्रती काढून ओळखीच्यांना टपालाने पाठवल्या आणि आलेल्या सूचनांवरून १९७३मध्ये तो दीडशे पानांच्या घरात नेला.

गायगॅक्सचे श्रम इथे कमी लेखून चालणार नाही. तळघरातला खेळ तळघराबाहेर जाऊ शकत नव्हता, कारण तो आर्नेसन असेल तिथेच होता. कधी न भेटलेल्या माणसाला तो वाचून खेळता येईल, हे गायगॅक्सने साधले. वाद पुढे झाला तो या दोन कामांतले खरे 'लेखन' कोणते, यावरून.

ऑक्टोबर १९७३मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स', म्हणजे टीएसआर, ही संस्था काढली. छपाईला पैसे कमी पडले तेव्हा ब्रायन ब्लूम यांनी २,००० डॉलर घातले. १९७४च्या जानेवारीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. लाकडी रंगाची खोकी, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १,०००. खोकी घरी बसून हातांनी भरली जात. लेखक म्हणून नावे दोन : गायगॅक्स आणि आर्नेसन. वेस्लींचे नाव मुखपृष्ठावर नव्हते, जहाजाच्या नियमासाठी भांडणाऱ्याचे नव्हते, आणि पिशाचाला आवरणाऱ्याचेही नव्हते.

हा खेळ अपुरा होता, आणि तसे तो सांगतही होता. लढाईसाठी चेनमेल हवे, रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट हवा. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी वाचकाला सुचवले होते की तुम्हाला हवे तसे ठरवा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची?

सगळ्यांच्या हातचे

लोकांनी ते शब्दशः घेतले. पहिल्या हजार प्रती वर्षभरात संपल्या. एका प्रतीवर दहा-दहा जण खेळत, आणि अर्धे नियम न कळल्याने पदरचे घालत. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या खेळांच्या एका दुकानात जमणाऱ्या गटाने 'चोर' हे पात्र तयार केले होते. १९७४मध्ये त्यांनी फोनवरून गायगॅक्सला त्याविषयी सांगितले. गायगॅक्सने स्वतःच्या पद्धतीने चोर लिहिला आणि १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत तो छापला गेला. पुरवणीवर नावे गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांची. त्याच वर्षी ॲरिझोनात केन सेंट आंद्रे यांना मूळ नियम किचकट वाटले म्हणून त्यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा आपला सोपा खेळच छापला.

जून १९७५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे हौशी नियतकालिक सुरू केले. पद्धत अशी की प्रत्येकाने आपली पाने स्वतः टंकून पाठवायची, बाईंनी ती एकत्र बांधून सगळ्यांना धाडायची. कोणी नवा राक्षस पाठवी, कोणी जादूचे गणित बदली, पुढच्या अंकात दुसरा त्यातली चूक दाखवी. हे पत्रक जवळजवळ पन्नास वर्षे चालले. दुसऱ्याच अंकात गायगॅक्सचे पत्र आहे. आर्नेसनचे आणि माझे अनेक बाबतींत मतभेद आहेत, आमचे दोघांचेही डाव छापील नियमांपेक्षा वेगळे चालतात, आणि सगळे जण एकाच तऱ्हेने खेळू लागतील त्या दिवशी हा खेळ कंटाळवाणा झालेला असेल, असा त्याचा आशय आहे. हे पत्र मला फार महत्त्वाचे वाटते, कारण चारच वर्षांत त्याच हाताने उलट लिहिले.

शुद्ध पाठ

१९७७ ते १९७९ या काळात टीएसआरने 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन जाड पुस्तके काढली. लेखक एकटे गायगॅक्स. नियम जागोजाग बदलले की स्पर्धा भरवता येत नाहीत, नवख्यांचा गोंधळ होतो, ही अडचण खरीच होती. पण आता गायगॅक्स कंपनीच्या मासिकात लिहू लागले की जो नियम बदलतो, तो हा खेळ खेळतच नाही.

मला इथे ज्ञानेश्वरीच्या पाठाची आठवण होते. प्रतींत भर पडत गेली म्हणून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि आपली ओवी मधे घालणाऱ्यांना शेवटी बजावले. वरवर कृती सारखी दिसते. पण एकनाथ दुसऱ्याचा ग्रंथ जपत होते, आणि तो ज्ञानदेवांच्याच नावाने राहिला. गायगॅक्स ज्या पाठाची शुद्धी करत होते त्यात भर घाला असे त्यांनीच लोकांना सांगितले होते, आणि शुद्ध झालेल्या पाठावर एकच नाव उरले.

आर्नेसन १९७६मध्ये काही महिने टीएसआरमध्ये नोकरीला होते, वर्ष संपायच्या आत बाहेर पडले. नवी पुस्तके म्हणजे वेगळा खेळ, म्हणून त्यावर आर्नेसनला मानधन लागू नाही, अशी कंपनीची भूमिका. १९७९मध्ये आर्नेसन न्यायालयात गेले, १९८१मध्ये तडजोड झाली आणि त्यांना नव्या पुस्तकांवरही मानधन मिळू लागले. त्यानंतर दोघांसाठी 'सहनिर्माते' हा शब्द रूढ झाला.

कायद्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या लेखाधिकार कायद्यात खेळ खेळण्याच्या पद्धतीला संरक्षण नाही. ती पद्धत ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांना आहे. म्हणजे टाइप केलेले वाक्य मालमत्ता ठरते, टेबलावर बोलून घडवलेली रीत ठरत नाही. आर्नेसनची ताकद दुसऱ्यात होती, गायगॅक्सची पहिल्यात. आणि बाकीचे वीस-पंचवीस जण, ज्यांच्या तक्रारींतून आणि दांडगाईतून नियम निघाले, ते कायद्याला दिसतच नाहीत.

गायगॅक्सनाही पुढे तोच अनुभव आला. १९८५मध्ये कंपनीचा ताबा त्यांच्या हातून गेला, आणि ज्या खेळावर केवळ आपले नाव राहावे म्हणून त्यांनी धडपड केली, त्याच्या नियमांवर त्यांचा अधिकार उरला नाही. १९९७मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने टीएसआर विकत घेतली, १९९९मध्ये 'हॅस्ब्रो'ने त्या कंपनीला. गायगॅक्स मार्च २००८मध्ये वारले, आर्नेसन एप्रिल २००९मध्ये.

२०००मध्ये नव्या मालकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळाचा गाभा असलेले नियम खुल्या परवान्याखाली दिले, म्हणजे कोणीही त्यावर आपला खेळ रचावा आणि विकावा. घरोघरच्या गाळपाला पुन्हा रस्ता मोकळा झाला. जानेवारी २०२३मध्ये तो परवाना बदलून अटी लादण्याचा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा खेळाडूंनी आणि छोट्या प्रकाशकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने ते मूलभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचे खुले करून टाकले. मूळ लेखकाचा उल्लेख करायचा, एवढीच अट. वेस्लींच्या वेळची रीत, ज्याच्या घरी डाव तो पंच, पन्नास वर्षे फिरून तिथेच आली.

पहिले पान

गणपतीत पुन्हा बहिणीकडे गेलो तेव्हा भाच्याला हे सगळे सांगितले. उत्तर म्हणून माझ्याकडे तीनच गोष्टी होत्या. पहिली, प्रत्येक नियमाशेजारी तारीख आणि तो कोणत्या प्रसंगातून निघाला ते लिहा, कारण दहा वर्षांनी प्रत्येकाला सगळे आपणच केले असे प्रामाणिकपणे आठवेल. दुसरी, लिहून काढणे हे खरे काम आहे, त्याचे श्रेय वेगळे द्या, पण सुचण्याचे श्रेय त्यात बुडवू नका. तिसरी, पैशाचे बोलणे छापण्याआधी करा. आर्नेसन आणि गायगॅक्स एकमेकांचे मित्र होते, आणि त्यांनाही ते नीट जमले नाही.

भाच्याने ऐकून घेतले. काही बोलला नाही. दसऱ्याला त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. 'लेखक' शब्दावर काट मारून तिथे 'खेळणारे' लिहिले होते, आणि खाली नावे होती, सहा. टेबलाभोवती मी पाचच जण पाहिले होते. सहावी कोण, म्हणून फोन केला. तर ती त्यांच्याच वर्गातली एक मुलगी, सुरुवातीचे तीन महिने खेळली, मग दुसऱ्या गावी गेली आणि पुन्हा आली नाही. बुडण्याच्या नियमाशेजारचा तो शेरा तिचा होता, आणि त्याखालचा बारीक अक्षरातला नियमही. तो अजून तसाच चालू आहे.

छापायचे की नाही, हे त्यांचे अजून ठरलेले नाही. शनिवारच्या बैठका मात्र चालू आहेत.